मुठीचं माप

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
ता. १८ एप्रिल १९५०

आण्णांच्या आणि वहिनीच्या पायांवर बनूचं डोकं.

पोचल्याचं पत्र उशिरा टाकते आहे. बरं काही लिहायला मिळेल म्हणून थांबले होते. ते मिळालं नाही.

वहिनीनं दिलेल्या डब्यातला मसाला घालून मी चटणी कुटली. लाल, तेल सुटलेली, वहिनी करते तशीच. लक्ष्मीपुरीच्या रविवार बाजारात तीन आठवडे बसले. बाया येतात, बोटाच्या पेरावर घेऊन चाखतात, "ब्येस हाय की" म्हणतात आणि उठून जातात. गेल्या रविवारी एका बाईला मी म्हटलं, "पाव शेर तरी न्या." ती केवढ्यानं तरी म्हणाली, "चटणी इकत घ्यायला आमच्या घरातल्या बाया मेल्यात व्हय?" शेजारच्या भाजीवाल्या हसल्या. दुसरी एक जण माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघून उठली. ते जास्त लागलं.

रामनवमीला भाऊजी कुरुंदवाडहून आले होते. ही खोली माझ्या मालकांच्या नावावर होती, ते गेल्यावर तिच्यावर हक्क त्यांच्या भावाचा. दसऱ्यापर्यंत राहू देतो म्हणाले, पण मी देवाचा भंडारा उचलून शपथ घेतल्यावर. मी उचलला. दसऱ्यापर्यंत स्वतःच्या पोटाचं बघता आलं नाही, तर आपण होऊन कुरुंदवाडला येईन आणि पुन्हा निघायचं नाव काढणार नाही, असा शब्द दिला. हे गेल्यावर दोन महिने मी तिथं काढलेत. गोठ्यातल्या म्हशीला नावानं हाक मारतात, मला "ए" म्हणतात.

चटणी कुणाला विकू, तेवढं सांगा. करायची कशी ते मला येतं. घ्यायची कुणी ते कळत नाही.

बनू


॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥
कोडोली, ता. २७ एप्रिल १९५०

चि. बनूस आण्णाचा आशीर्वाद, आणि वहिनीचा माझ्या आधी.

तुझं पत्र वहिनीला दोनदा वाचून दाखवलं. भंडारा उचलल्याचं ऐकून ती चुलीपुढून उठली आणि परड्यात जाऊन उभी राहिली. या घरात ती आली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. आम्हांला मूल झालं नाही, पण ती कधी तसं बोलली नाही. बनू हाय की, म्हणायची. तू शब्द देण्याआधी मला विचारायला हवं होतंस. आता दिला आहेस, तर देवाच्या नावानं दिलेला शब्द मोड असं मी सांगणार नाही.

विकायचं कुणाला याचा मी चार दिवस विचार केला. धंदा मी केलेला नाही, पण शेतात एक शिकलो आहे. पाणी जिथं साचलेलं असतं तिथं पाट नेऊन उपयोग नाही. प्रत्येक बाईच्या घरी चैत्रात वर्षाची चटणी होते. तिच्या दारात तू चटणी नेतेस, म्हणजे साचलेल्या पाण्यात पाणी ओततेस. जिथं बाई रांधत नाही आणि खाणारी तोंडं पुष्कळ, अशी जागा बघ. मला तालीम सुचते. पन्नास पैलवान, एक वेळची भाकरी केवढी! ज्याला भूक जास्त त्याला तिखट जास्त लागणार.

वहिनी हसते आहे. म्हणते, "तुमी कदी तालमीत जेवलायसा का?" मी जेवलो नाही, तरी लिहितो.

मसाल्याचा दुसरा डबा कोडोलीच्या मोटारीनं पाठवला आहे. कंडक्टरला सांगून ठेवलं आहे, स्टँडवर जाऊन घे.

आण्णा


कोल्हापूर, ता. २२ मे १९५०

आण्णांस आणि वहिनीस बनूचा दंडवत.

वहिनी, तू हसलीस ते बरोबरच होतं. तालमीच्या दारात डबा घेऊन गेले. वस्ताद मातीत उभे होते. डब्याचं झाकण उघडलं तसे ओरडले, "ए बाई, पोरांचं रगत तापवाय आलीयास व्हय? हितं दूध, तूप, बदाम! तिखटाचं बोट लागलं तरी मी पोराला हाकलतो. चल, माग फीर!" पन्नास जण मातीनं भरलेले माझ्याकडे बघत होते. आण्णा, तुमचा सल्ला मी जन्मभर विसरणार नाही.

परतताना रडू येत होतं म्हणून गल्लीतल्या एका कट्ट्यावर टेकले. आतून म्हातारा बाहेर आला. "कृष्णाताची मालकीण न्हवं तू?" म्हणाला. ते गणपतराव, सरकारी पागेत नालबंद होते. हे त्यांच्याच हाताखाली घोडे धरायचे. पागा मोडली, त्यांचंही काम गेलं. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, आत गेले आणि शिळी भाकरी घेऊन आले. उभ्यानंच खाल्ली. खाता खाता थांबले आणि भिंतीकडे तोंड केलं. म्हणाले, "चार वरसं झाली गं. मीठ लावून खातोय." त्यांनी अर्धा शेर घेतली. मग म्हणाले, "त्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडं जा. त्येचीबी गेलीया."

आण्णा, तेव्हा मला बाजारातल्या त्या बाईचं बोलणं आठवलं. "आमच्या घरातल्या बाया मेल्यात व्हय?" तिनं मला शिवी दिली असं मी धरून बसले होते. तिनं गिऱ्हाईक कुठं आहे ते सांगितलं होतं.

आता मी सकाळी लवकर डबा घेऊन निघते आणि हाळी देत नाही. नुसती दारं बघत जाते. ज्या दारात सडा नाही, रांगोळी नाही, दोरीवर धोतर आहे आणि लुगडं नाही, ते माझं घर. आजवर एकदाही चुकलेलं नाही. चुकेल कसं? माझ्याही दारात रांगोळी नसते.

नऊ घरं झाली.

बनू


॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥
कोडोली, ता. ९ जून १९५०

चि. बनूस आशीर्वाद.

तालमीबद्दल माझा कान वहिनीनं तुझ्या वतीनं धरला, तेव्हा ते फिटलं असं समज.

नऊ घरं झाली वाचून आनंद झाला. मग रविवारी जोतिबाच्या डोंगरावर गेलो. बनूच्या धंद्याला बरकत दे, असं म्हणायला हात जोडले आणि जीभ अडखळली. तुझी बरकत म्हणजे काय? आणखी चार दारांतली रांगोळी जावी? असं मागणं देवापुढं कसं ठेवायचं? मी नुसताच हात जोडून उभा राहिलो आणि खाली आलो.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, "देव घरं ओस पाडतो ती काय आपल्याला इचारून? ओस पडल्यावर मागं राहिलेल्या माणसाला भाकरीसंगं कायतरी लागतंयच की. तेवढं आपुन द्यायचं." माझ्या चाळीस वर्षांच्या पोथीवाचनापेक्षा तिचं हे बोलणं मला पुढचं वाटलं.

वहिनीचं डोकं अधूनमधून दुखतं. परवा मुसळ दोनदा हातातून निसटलं. ऊन लागलं असेल. डबा पाठवला आहे.

आण्णा


कोल्हापूर, ता. १५ जुलै १९५०

आण्णा, वहिनी, दोघांना नमस्कार.

बावीस घरं. पावसानं गल्ल्या वाहतात, तरी मी जाते. मी दार वाजवत नाही, उंबऱ्याशी उभी राहते. आतून चिमट्याचा, तव्याचा आवाज येतो. पुरुषाचा तवा लगेच कळतो, आण्णा. दाणकन पडतो.

ही माणसं चटणी घेतात आणि आपल्या बायकांचं सांगतात. शिंपी म्हणतो, ती लसूण जास्त घालायची. एक मास्तर आहेत, ते कधी काही सांगत नाहीत, नुसते झाकण उघडून वास घेतात आणि पुन्हा लावतात. गणपतराव तर म्हणतात, "तुझ्या भावजयीचा हात माझ्या बायडीवानी हाय. तिला म्हणावं, म्हातारा दुवा देतोय." वहिनी, मी चटणी विकते खरी, पण घेतात तो तुझा हात.

भाऊजी आले होते. डबे मोजून गेले. असंच चाललं तर दसऱ्याला भंडारा परत देवाच्या पायांवर ठेवीन आणि या खोलीत राहीन.

एक काम आहे. मसाल्याचा डबा आता दुप्पट लागेल आणि दरवेळी मोटारीवर विसंबून भागणार नाही. वहिनी, आळस करू नकोस. मसाल्याचं माप एकदा आण्णांच्या हातून लिहून पाठव. लहानपणी मी तुझ्याजवळ बसून नुसते तीळ खाल्ले, माप बघितलं नाही.

डोकं कसं आहे? औषध घेतेस का?

बनू


॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥
कोडोली, ता. ४ ऑगस्ट १९५०

चि. बनूस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. भाताची लावण चालू होती.

वहिनी ठीक आहे. मोठा डबा पाठवला आहे. माप असं आहे. धणे आणि तीळ मापट्यानं, डब्याला दोन मापटी धणे, एक मापटं तीळ. खोबऱ्याच्या तीन वाट्या. लवंग, मिरी आणि मेथी मात्र मुठीनं. लवंग अर्धी मूठ, मिरी एक, मेथी एक.

पाऊस फार आहे. नदीला पाणी चढतं आहे, तेव्हा इकडे यायचं मनात आणू नकोस. तुझी घरं सांभाळ. दसरा जवळ येतो आहे.

आण्णा


कोल्हापूर, ता. २५ ऑगस्ट १९५०

आण्णा,

तुमच्या पत्रात वहिनीचं एकही बोलणं नाही. आजवर असं झालेलं नाही. पत्र आलं तेव्हा मी तिकडे नीट बघितलं नाही. आता बघते आहे.

नव्या डब्याची चटणी सगळ्या घरी दिली. चार दिवसांनी शिंप्यानं परत केली. म्हणाला, "कडू हाय." मास्तरांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि पुन्हा लावून माझ्या हातात दिलं. मग आणखी पाच घरं. मी चाखली होती, मलाही जड लागली होती. पण वहिनीच्या हातचं चुकेल असं मनातच आलं नाही. मीच कांदा जास्त भाजला असं समजत राहिले.

काल गणपतरावांकडे गेले. त्यांनी परत केली नाही. मला खाली बसवलं. म्हणाले, "पोरी, रागावू नगं. ही बाईच्या हातची न्हाय."

मी म्हटलं, "असं काय बोलता? वहिनीच करते."

"वहिनी न्हवं. बाईमाणूस मेथी मंद इस्तवावर परतती. ही जाळावर धरलीया. माझी गेल्यावर मीबी असंच केलतं, आणि असंच कडू झालतं. ह्यो कुणीतरी गडी हाय. मोठ्या हाताचा. आणि घाबरलेला हाय."

आण्णा, मी तिथून उठून स्टँडवर गेले. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं आहे, कोडोलीची मोटार तीन दिवस बंद आहे. टपाल फिरून जातं म्हणाले, म्हणून हे लिहिते आहे.

आण्णा, तू सांग. वहिनीला काय झालंय? तुझ्या दारात रांगोळी आहे का?

बनू


॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥
कोडोली, ता. २ सप्टेंबर १९५०

बनू,

तुझं पत्र काल मिळालं. त्याआधी दोन दिवस, बुधवारी सकाळी, तुझी वहिनी गेली. नदीपलीकडे माणूस पाठवायला वाट नव्हती. आजही नाही.

आता सगळं सांगतो. एकवीस जुलैला ती उखळापाशी बसल्या बसल्या कलंडली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. इथल्या डॉक्टरांनी रोज येऊन बघितलं. ते म्हणाले, वाट बघायची. शेजारच्या बायडाबाईनं तिचं सगळं केलं.

तुला कळवायला मी कागद घेतला होता. पडण्याच्या आदल्या दिवशीच ती म्हणाली होती, "डोकं लईच दुखाय लागलंय ते बनीला लिवू नगा. ती डबं टाकून पळत येईल आणि तिची घरं तुटतील." ती शेवटची आज्ञा समजून मी कागद ठेवून दिला. मला वाटलं, तुझी बावीस घरं राहिली तर तिच्या जिवाला बरं वाटेल.

मसाला मी केला. ती समोर बाजेवर होती. तिला करताना पंधरावीस वर्षं बघितलं होतं, म्हणून मला माप येतं अशी माझी समजूत. मी लवंग घेतली, मिरी घेतली, मेथी घेतली. तेव्हा ती डावा हात उचलून मूठ मिटायची आणि माझ्यापुढं धरायची. पुन्हा उघडायची, पुन्हा मिटायची. तोंडातून नुसता आवाज यायचा. मला वाटलं, तिला देवाचं काही हवं आहे. मी जोतिबाचा अंगारा तिच्या मुठीत ठेवला. तिनं तो टाकला. मला वाटलं, हातात बळ नाही. मी पुन्हा ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. भक्तीनं आलं असं मी समजलो, बनू.

पुढे रोज असंच. मूठ दाखवायची आणि मी अंगारा ठेवायचा. जाण्याच्या आदल्या संध्याकाळीही तिनं मूठ उचलली होती.

काल तुझ्या पत्रात "मोठ्या हाताचा" हे शब्द वाचले आणि मी माझा हात बघितला. नांगराचा हात. तिची मूठ माझ्या मुठीच्या निम्मी असेल. ती मला सांगत होती, मूठ माझी, तुमची न्हवं. एवढंच सांगत होती. चाळीस दिवस सांगत होती, आणि मी देवाचं नाव घेऊन तिला गप्प करत होतो.

रस्ता उघडला की ये. घाई करू नकोस. आता घाईचं काही उरलेलं नाही.

आण्णा


कुरुंदवाड, ता. २४ ऑक्टोबर १९५०

आण्णास बनूचा नमस्कार.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर भाऊजींबरोबर इथं आले. शब्द दिला होता.

तेराव्याहून परतल्यावर मी तीनदा मसाला केला. माझी मूठ घेतली, नंतर माझी पाऊण मूठ घेतली. कडूपणा गेला, पण चव आली नाही. बावीस घरांतली सहा उरली. मास्तरांनी दार उघडलं नाही. गणपतरावांनी शेवटपर्यंत घेतली. निघताना त्यांच्या पाया पडले, तेव्हा फळीवर माझे तिन्ही डबे भरलेलेच दिसले. म्हणाले, "चांगली हाय गं पोरी. पर ती न्हवं."

तुला मी दोष देत नाही. तूही देऊ नकोस. मला येऊन तुझं घर बघता आलं असतं, पण तुझ्या देवाच्या नावानं भंडारा उचलला आहे. तूही मला तो मोड म्हणणार नाहीस, हे ठाऊक आहे.

इथं म्हशीचं नाव चंद्री आहे.

बनू


॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥
कोडोली, ता. १२ नोव्हेंबर १९५०

चि. बनूस आण्णाचा आशीर्वाद. वहिनीचा आता वेगळा लिहिता येत नाही.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ वाचून दिवसभर मळ्यात गेलो नाही. शब्द मोड असं मी लिहिणार नाही, हे तू ओळखलंस. खरं सांगायचं तर तीनदा कागद घेतला होता. तीनही वेळा समोर जोतिबाची तसबीर होती. देवाची भीती वाटते का, असं कुणी विचारलं तर हो म्हणेन. पण ज्या देवाच्या अंगाऱ्यानं मी तिची मूठ बंद केली, त्याच्याच भंडाऱ्यानं तुझी वाट बंद झाली, असं कधी कधी मनात येतं. मग मी कान धरतो. दिवा रोज लावतो. मागत काही नाही.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी लवकर उठलो. सगळ्या गल्लीत सडे पडले होते, रांगोळ्या निघाल्या होत्या. माझं एकच दार कोरडं. तू लिहिलं होतंस, दार बघितलं की घर कळतं, आजवर चुकले नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तसं कळू नये असं मला वाटलं. सडा टाकला. तिची रांगोळीची करवंटी कोनाड्यात होती, ती घेतली आणि उकिडवा बसून चार ठिपके दिले, रेघा ओढल्या. चिमटीतून रांगोळी सुटते तशी सुटेना. नांगराच्या तासासारखी जाड रेघ पडली, कुठं ढीग, कुठं नुसती जमीन.

बायडाबाई पाणी घेऊन येत होती. घागर कमरेवर तशीच ठेवून उभी राहिली. म्हणाली, "आण्णा, कुणी काढली ही?" आणि मी काही बोलायच्या आधीच तिनं पदर तोंडाला लावला.

चटणीसारखंच झालं. हात लपत नाही.

मी रांगोळीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि दार पहिल्यासारखं केलं. मग आत येऊन भाकरी थापली. तवा दाणकन पडला. फळीवर त्या वेळच्या मसाल्याची उरलेली डबी आहे, मी केलेली. ती उघडत नाही. भाकरी मीठ लावून खाल्ली.

बनू, तू शोधत होतीस तसलं घर हे आहे. दारात रांगोळी नाही, दोरीवर लुगडं नाही. सकाळी मी थोडा वेळ उंबऱ्याशी उभा राहतो. हाळी न देता डबा घेऊन येणारं कुणी गल्लीत दिसत नाही.

आण्णा